परतीचे तिकीट आणि घरची बोली



आमच्या मंडणगड-दापोली भागात असे मुस्लिम घर शोधूनही सापडायचे नाही, ज्यातला कोणी ना कोणी परदेशी नाही. आजोबांच्या पिढीचे लोक जहाजावर गेले, काही आफ्रिकेत गेले. १९७०च्या दशकात तेलाचा पैसा वाढला, तशी कोकणातली तरुण मुले कुवेत, दुबई, सौदी अरेबियाकडे निघाली. आधी एकटे पुरुष जात. बायका-मुले गावात राहत आणि पत्राची वाट पाहत. पुढे शिकलेली मुले चांगल्या पगारावर गेली, त्यांना फॅमिली व्हिसा मिळू लागला आणि संसारच्या संसार तिकडे उभे राहिले.

आमचा संसारही असाच २००९ मध्ये सौदीच्या दम्माम शहरात गेला. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. धाकटा २०११ मध्ये तिथेच जन्मला. एप्रिल २०१८ मध्ये आम्ही परतलो. या नऊ वर्षांत मुलांच्या बाबतीत आम्ही काय कमावले आणि काय हातचे जाऊ दिले, ते आज मोकळेपणाने लिहायचे ठरवले आहे. गावात परतल्यावर आम्ही पुन्हा शाळेत शिकवू लागलो. आखातातून आलेली मुले दरवर्षी वर्गात येतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला आमचीच मुले दिसतात.

दोन खोल्यांतले बालपण

दम्मामचे घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जायचा. खिडक्या बंद, एसी चालू, बाहेर धूळ. पिण्याचे पाणी विकतचे, कॅनमधून यायचे. मुले दिवसभर घरात आणि इशाच्या नमाजनंतर बागेत. रात्री साडेनऊला झोपाळ्यांवर गर्दी असायची. गावाकडच्या कोणाला सांगितले की मुले रात्री खेळायला जातात, तर ते हसायचे.

खाली कोपऱ्यावर बकाला, म्हणजे किराणा दुकान. अजान झाली की दुकानदार शटर ओढायचा आणि मुलांना आपोआप कळायचे की आता नमाजची वेळ. गावात नमाजला उठवायला किती हाका माराव्या लागतात! तिथे सगळे शहरच थांबायचे. हे आम्ही कमाईत धरतो. बसने उमऱ्याला जाणे हीदेखील मोठी नेमत होती. दम्माम ते मक्का बाराशे-तेराशे किलोमीटरचा रस्ता, रात्रभराचा प्रवास, ताइफच्या अलीकडे मीकातला थांबून एहराम. धाकट्याने काबाशरीफ पहिल्यांदा पाहिला तो मुलांच्या अब्बांच्या खांद्यावरून. अल्हम्दुलिल्लाह, गावातल्या किती वडीलधाऱ्यांच्या नशिबी हे आयुष्याच्या शेवटी येते.

मुलांचे अब्बा सकाळी सहाला निघायचे आणि संध्याकाळी सहाला यायचे. त्या काळी तिथे स्त्रियांना गाडी चालवता येत नव्हती. (ती परवानगी २४ जून २०१८ पासून मिळाली, आम्ही परतल्यानंतर दोन महिन्यांनी!) त्यामुळे दवाखाना असो की वही-पेन्सिल, सगळे अब्बा आल्यावर. दिवसभर आम्ही आणि मुले, चार भिंती आणि टीव्ही. आई हीच मुलांची आजी, मावशी, शेजारीण आणि मैत्रीण. परदेशात लहान मुले वाढवलेल्या प्रत्येक भगिनीला हा एकटेपणा ठाऊक असेल. ताप आलेले मूल मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसलो, तर 'सुनबाई, जरा पडा, मी बघते,' असे म्हणणारे घरात कोणी नसते.

भाषा कधी गळली, कळलेच नाही

आमच्या कोकणी मुस्लिम घरांत भाषांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. चुलीजवळ कोकणी, मदरशात आणि पुस्तकात उर्दू, तहसील कचेरीत आणि बाजारात मराठी. बाहेरच्या अनेकांना वाटते की मुसलमान म्हणजे घरात उर्दू. आमच्या सासूबाईंना, म्हणजे मुलांच्या दादींना, उर्दू धड बोलता येत नव्हती. त्यांचे सारे बोलणे कोकणीत. लग्नातली गाणी, म्हावऱ्याची नावे, पोरांना दटावणे, आजाऱ्याची विचारपूस, सगळे त्याच बोलीत.

थोरली दम्मामला आली तेव्हा छान कोकणी बोलत होती. मग शाळा सुरू झाली. भारतीय शाळा, पण वर्गात इंग्रजी. बसमध्ये हैदराबादी, लखनवी, केरळी मुले. त्यांची आपसातली भाषा हिंदी. शाळेत विषय म्हणून हिंदी होती, अरबी होती, मराठी नव्हती. सहा महिन्यांत ती घरी हिंदीत उत्तरे देऊ लागली. आम्ही कोकणीत विचारायचे, तिने हिंदी-इंग्रजीत सांगायचे. पुढे पुढे आम्हीच हिंदीत विचारू लागलो, कारण काम लवकर व्हायचे. धाकटा जन्मला तेव्हा घरातली कोकणी फक्त आम्हा दोघांपुरती उरली होती. तीसुद्धा मुख्यतः पैशांबद्दल बोलताना, म्हणजे मुलांना कळू नये म्हणून! ज्या भाषेत दादींनी अंगाई म्हटली, ती आमच्या घरात गुपिताची भाषा होऊन बसली.

आम्ही बी.एड. शिकलेलो. उर्दू आणि मराठी हे आमचे विषय. मातृभाषेचे महत्त्व यावर परीक्षेत पाने भरून लिहिलेली. आणि तरी आमच्याच घरात हे घडले. कारण एकच : 'नंतर बघू.' आधी इंग्रजी पक्की होऊ दे, आधी नाजरा कुरआन पूर्ण होऊ दे, आधी गणित. भाषा काय, गावाला गेलो की येईलच.

पण गावाला जाणे दोन वर्षांतून एकदा, तेही जुलै-ऑगस्टमध्ये. बाहेर पाऊस, घरात पाहुणे, अर्धे दिवस मुंबईत खरेदीला. त्यात भाषा कुठून येणार?

शुक्रवारचा फोन

दर शुक्रवारी जुम्मानंतर गावाला फोन लागायचा. आधी कार्ड खरवडून, पुढे मोबाइलवर चेहरा दिसू लागला. मुले ओळीने उभी राहायची. 'अस्सलामु अलैकुम दादी.' पलीकडून सलामचे उत्तर, दुआ, आणि मग प्रश्न. काय खाल्ले? शाळेत कोण मित्र आहे? दात पडला का? धाकटा आमच्याकडे पाहायचा. आम्ही अर्थ सांगायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आम्ही ते कोकणीत पोहोचवायचो. दोन मिनिटांत तो कंटाळून फोन आमच्या हातात द्यायचा. दादी म्हणायच्या, 'असू दे, खेळू दे त्याला.'

२०१६ च्या सुट्टीत गावी गेलो. रात्री दादींनी धाकट्याला जवळ घेतले आणि गोष्ट सुरू केली. तीच गोष्ट, जी ऐकून मुलांचे अब्बा मोठे झाले. थोड्या वेळाने तो उठून आमच्याजवळ आला आणि हिंदीत हळूच म्हणाला, 'दादी काय बोलतात ते कळत नाही. मी इथे झोपू?' दादींना हिंदी इतकी तरी कळत होती. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी भाकरी थापताना एवढेच म्हणाल्या, 'पोरं माझीच आहेत, पण पाहुण्यांसारखी वाटतात.'

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. आम्ही त्यांना दरमहा पैसे पाठवत होतो. घराला नवी फरशी बसवली होती, फ्रीज आणला होता. पण ज्याची त्यांना आस होती, ते कोणत्याही बँकेतून पाठवता येणारे नव्हते.

परतीचा दिवस आधी आला

आखातात राहणाऱ्या प्रत्येकाला मनातून एक गोष्ट माहीत असते. इथे कितीही वर्षे राहिलो तरी हे घर आपले नाही. इकामा आहे तोवर मुक्काम. नोकरी गेली, कंपनी बंद पडली, वय झाले, की फायनल एक्झिट. इंग्लंड-अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांची मुले तिथलीच नागरिक होतात. आपली मुले मात्र परत येतात, काही दहावीनंतर, काही त्याआधीच.

आमच्या बाबतीत निमित्त झाले फीचे. १ जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर दरमाणशी महिना १०० रियाल फी लावली. ती दरवर्षी १०० ने वाढणार होती : २०१८ मध्ये २००, २०१९ मध्ये ३००, २०२० मध्ये ४००. आई आणि दोन मुले मिळून तीन माणसे. पहिल्या दराने वर्षाचे ३,६०० रियाल, चौथ्या दराने १४,४०० रियाल, म्हणजे २०२० च्या भावाने अडीच लाख रुपयांहून जास्त. ही रक्कम इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायची. त्यात जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला. पगार तेवढाच.

त्या वर्षी आमच्या इमारतीतले एकेक घर रिकामे होत गेले. दर आठवड्याला कोणाचा तरी सोफा, कोणाची तरी सायकल, कोणाचे तरी वॉशिंग मशीन विकायला निघे. मुलांच्या बसमधली मुले कमी होत गेली. जवळपास प्रत्येक घराने एकच तोडगा काढला : बायको-मुले गावी, नवरा तिथेच चार जणांच्या खोलीत. आम्हीही तेच केले. मुलांच्या अब्बांनी विमानतळावर थोरलीला सांगितले, 'दोन वर्षांत येतो.' ती बारा वर्षांची होती. ती म्हणाली, 'सुट्टीवर, की कायमचे?' त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

शाळेचा पहिला महिना

जूनमध्ये दोघांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले. थोरली सातवीत, धाकटा दुसरीत. इंग्रजी, गणित ठीक होते. मराठीच्या तासाला मात्र दोघे नवखे.

एक आधार मिळाला. हिंदीमुळे दोघांना देवनागरी वाचता येत होती. पण वाचणे वेगळे आणि समजणे वेगळे. धाकटा 'बाळ'ला 'बाल' म्हणायचा, कारण हिंदीच्या पुस्तकात त्याला 'ळ' कधी भेटलाच नव्हता. 'चांगला' आणि 'चंद्र' यांतला 'च' वेगळा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. 'तो, ती' ठीक, पण 'ते झाड, ते मूल' हे तिसरे लिंग कुठून आले? आणि एक दिवस बाई रागावून म्हणाल्या, 'गृहपाठ केला नाहीस, आता तुला शिक्षा मिळेल.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हा आनंदाने म्हणाला, 'हो बाई.' सगळा वर्ग हसला. घरी येऊन हा गोष्ट सांगताना आधी हसला आणि मग रडला. हसणाऱ्या वर्गात एकट्यालाच विनोद न कळणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

थोरलीची गोष्ट अधिक अवघड होती. ती रडली नाही, ती गप्प झाली. दम्मामच्या शाळेत वक्तृत्वाला बक्षीस मिळवणारी मुलगी इथे हात वर करीना. मुली 'सौदीवाली' म्हणायच्या. तिने आम्हाला एकदा विचारले, 'तिकडे आम्ही हिंदी होतो, इकडे आम्ही सौदी. मग आम्ही आहोत कुठले?'

आम्ही शिक्षिका, पण त्या प्रश्नाला आमच्याकडे पुस्तकी उत्तर नव्हते. उत्तर मिळाले ते स्वयंपाकघरात.

दादींची शाळा

धाकट्याला आम्ही शिकवणी लावली. ती दोन महिन्यांत सुटली. त्याला खरे शिकवले ते दादींनी, आणि तेही न शिकवता. त्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागले होते. त्यांनी त्याला कामाला लावले. तांदूळ निवडायला बसव, कोंबड्या मोजून आत घे, सुया ओव, फोनवर नंबर लाव, परसात जाऊन कोकमे गोळा कर. काम सांगायचे कोकणीत. कळले नाही तर पुन्हा सांगायचे, पण हिंदीत नाही. चुकून दुसरेच काहीतरी घेऊन आला तर दोघे हसायचे. तिथे त्याला हसू बोचत नव्हते.

सांदण उकडायच्या दिवशी चुलीजवळ तोच बसायचा. रात्रीच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. वर्षभरात तो असा बोलू लागला की बाजारात मासेवाल्या मावशी म्हणायच्या, 'हे पोरगं सौदीचं? छे!' कोकणी आली आणि तिच्यामागून मराठी आपोआप आली, कारण दोन्ही एकाच घरच्या बहिणी. पाठ्यपुस्तकातले निम्मे शब्द त्याला दादींकडून आधीच मिळालेले असत. थोरलीही हळूहळू बोलती झाली. ती दादींची औषधे सांभाळायची, डॉक्टरांशी मराठीत आणि दादींशी कोकणीत बोलायची. घरात आपली गरज आहे हे कळल्यावर तिचा 'आम्ही कुठले' हा प्रश्न मागे पडला.

वादळानंतरचा फोन

मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली. मुलांचे अब्बा तिकडेच अडकले. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. घराची कौले उडाली, परसातली झाडे आडवी झाली. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. मोबाइलची रेंजही गेली. तिकडे अब्बा रात्रंदिवस फोन लावत होते आणि लागत नव्हता.

सहाव्या दिवशी कळले की वरच्या वाटेवरच्या वळणावर थोडी रेंज मिळते. धाकट्याला घेऊन आम्ही तिथे गेलो. आधी सगळे सुखरूप असल्याचे सांगितले. अब्बांचा आवाज भरून आला. मग त्यांनी विचारले, 'झाडं किती गेली?' आम्हाला एवढेच सांगता आले की पुष्कळ गेली. धाकट्याने फोन घेतला आणि एकेक झाड नावाने सांगू लागला. विहिरीवरचा रायवळ गेला. दादांनी लावलेला मधला हापूस आहे, पण फांदी मोडली. फणस आहे. गोठ्यामागचा बिटका मुळापासून गेला. पोफळी अर्ध्या गेल्या. ही सगळी नावे परसातली, दादींच्या तोंडची, आणि बोलत होता तो कोकणीत. नऊ वर्षांचा मुलगा बापाला त्याच्याच लहानपणीच्या झाडांची खबर देत होता, त्याच्याच आईच्या भाषेत.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, 'दहा वर्षांत आज पहिल्यांदा घरी बोलल्यासारखं वाटलं.'

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दादी अल्लाहला प्यारी झाल्या. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. मुलांच्या अब्बांना येता आले नाही. आईच्या मातीला मुलगा नव्हता, हे दुःख आमच्या घरात कायमचे राहील. शेवटचे काही दिवस दादींचे बोलणे अस्पष्ट झाले होते. आम्हालाही नीट कळायचे नाही, धाकट्याला कळायचे. त्या काय म्हणाल्या, लेकाला काय निरोप दिला, ते त्यानेच फोनवर अब्बांना सांगितले. २०१६ मध्ये जो मुलगा गोष्ट न कळल्यामुळे उठून आला होता, तो हाच.

हे लिहिताना एकच विचार मनात येतो. ती फी लागली नसती, आम्ही तिकडेच राहिलो असतो, तर? दादी गेल्याच असत्या. आणि त्यांचा निरोप घेणारे आमच्या मुलांपैकी कोणीच नसते.

तिकडे असलेल्या भगिनींना

मुलांचे अब्बा २०२१ मध्ये फायनल एक्झिट घेऊन परतले. पण गावोगावची कितीतरी कुटुंबे आजही तिकडे आहेत आणि नवी जात आहेत. जाऊ नका असे आम्ही सांगणार नाही. रोजीसाठी घर सोडणे यात कमीपणा नाही. मात्र आखातात मूल वाढवायचे ते परतायचे आहे हे धरूनच वाढवा. आमच्या चुकांतून जे उमगले, ते थोडक्यात असे.

एक जेवण घरच्या बोलीचे ठेवा. दिवसभर इंग्रजी-हिंदी चालू द्या, पण रात्रीच्या ताटावर कोकणी, दखनी, वऱ्हाडी, जी आपली असेल ती. मुलाने हिंदीत उत्तर दिले तरी रागावू नका. आपण आपल्या बोलीतच बोलत राहावे. भाषा धाकाने येत नाही, कानावर पडून येते.

फोनवर मुलाला काम द्या. 'दादीशी बोल' म्हटले की मूल गप्प होते. 'दादीला विचार, सांदणात नारळाचं दूध किती घालायचं' किंवा 'अब्बा लहानपणी कुठे पडले होते' असे सांगितले की ते ऐकते, कारण उत्तर घेऊन यायचे असते.

लिपी हाताशी ठेवा. मूल हिंदी शिकत असेल तर देवनागरी त्याला येतेच. 'ळ' आणि काही शब्दांची ओळख करून दिली की मराठीचे दार उघडते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटे पुरतात. उर्दूचेही तसेच. नाजरा कुरआन शिकलेल्या मुलाला अरबीची २८ अक्षरे येतात. पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी थोडी अक्षरे वाढवली की उर्दू वाचायला लागते. दम्मामच्या आमच्या केरळी शेजारणीची मुले सुट्टीच्या दिवशी एका घरी मलयालम शिकायला जमायची. केरळ सरकारचे 'मलयालम मिशन' परदेशातल्या मुलांसाठी हे काम करते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात. आपण चार कुटुंबे मिळून एका दिवाणखान्यात तास का भरवू नये?

सुट्टी गावाला द्या. खरेदी दोन दिवसांत उरका. मुलांना आजी-आजोबांजवळ आपल्याशिवाय राहू द्या. आई मध्ये दुभाषी म्हणून उभी राहिली की मूल भाषा शिकत नाही. आम्ही हीच चूक नऊ वर्षे केली.

कागद वेळेवर करा. तिथे जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत करावी. शाळेचा दाखला, गुणपत्रके, लसीकरणाचे कार्ड एका फाइलमध्ये ठेवा. इथल्या शाळा आधार क्रमांक मागतात. २०१८ मध्ये आमच्या मुलांना त्यासाठी सहा महिने वाट पाहावी लागली. आता भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना १८२ दिवसांची ती अट राहिलेली नाही.

इथल्या शिक्षक बंधू-भगिनींनाही एक विनंती. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. हे चांगलेच आहे. पण बाहेरून आलेले मूल मराठीत अडखळले तर ते मंद नाही, ते तीन-चार भाषांच्या वजनाखाली चालत आहे, हे ध्यानात घ्या. वर्ग हसत असेल तर आधी वर्गाला थांबवा.

कुरआनच्या सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि वर्ण वेगवेगळे असणे अल्लाहतआलाच्या निशाण्यांत मोजले आहे. मग आपली बोली अडाण्यांची, चुलीजवळची, असे म्हणून आपणच ती का टाकावी?

निसर्ग वादळानंतर धाकट्याने विहिरीजवळ, पडलेल्या रायवळाच्या जागी, एक रोप लावले. ते आता त्याच्याहून उंच झाले आहे. परवा आमच्या नणंदेची मुले कुवेतहून सुट्टीवर आली होती. त्यांतल्या पाच वर्षांच्या मुलाने हिंदीत विचारले, 'हे कसलं झाड?' धाकट्याने त्याला उत्तर दिले ते कोकणीत. मूल गोंधळून आईकडे पाहू लागले. नणंद अर्थ सांगायला पुढे होणार, तेवढ्यात आम्ही तिचा हात धरला. म्हटले, 'थांब, त्या दोघांचं त्यांना बोलू दे.'

अल्लाहतआला परदेशी राहणाऱ्या सर्व घरांना सुखरूप ठेवो आणि आपल्या लेकरांना आपल्या थोरांच्या जवळ ठेवो. आमीन.